लांबच्या मोहिमेसाठी परवडणारी ऑफ-रोड गाडी: 'फोर बाय फोर'च्या आधी काय बघायचं?

पावसाळा ओसरला की आम्ही चौघे मित्र नसरापूरहून निघून मनाली, दारचा, शिंकू ला, पदुम, निम्मू आणि लेह असं जाणार आहोत. जाऊन-येऊन पाच हजार किलोमीटरच्या आसपास. गाडीसाठी बजेट आठ लाख, त्यातच टायर, विमा आणि गाडी नावावर करायचा खर्च. मोहीम महिनाभरात संपेल, पण हप्ता पाच वर्षं माझ्या पगारातून जाणार आहे. त्यानंतर गाडी घरीच राहील, शेतावर जायला आणि आईला पुण्याला दवाखान्यात न्यायला. त्यामुळे 'लडाखला कोणती गाडी भारी?' हा प्रश्न आम्हाला थोडा वेगळा विचारावा लागला.

आधी रस्त्याचा हिशेब केला. पाच हजारातले चार हजारांहून जास्त किलोमीटर सरळ डांबरी रस्ता आहे. खडी, चिखल, ओढे असा खराब भाग माझ्या अंदाजाने चार-पाचशे किलोमीटर. त्यातही चारही चाकांना ताकद लागेल असे पट्टे एका वेळी पन्नास-शंभर मीटरचे. या पट्ट्यांसाठी आपण नेमके किती पैसे मोजतोय, हे कळलं पाहिजे.

गाडी अडकते कशी ते आधी समजून घेऊ. इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटायचं काम डिफरन्शियल करतो. साधा, म्हणजे 'ओपन' डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो. ऐकायला बरं वाटतं, पण एक चाक चिखलात गेलं आणि त्याला जेमतेम शंभर न्यूटन-मीटरचीच पकड मिळाली, तर कोरड्या दगडावर असलेल्या दुसऱ्या चाकालाही शंभरच मिळतात. एक चाक गरगर फिरतं, दुसरं उभं राहतं. फोर बाय फोरमध्ये पुढे-मागे दोन्हीकडे ओपन डिफरन्शियल असेल, तर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी सुटलं की तीही तशीच जागेवर उभी राहते. म्हणून नुसता '४x४'चा बिल्ला बघून भागत नाही. डिफरन्शियल लॉक होतो का, निदान फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक सोय आहे का, हे विचारा. फोर्स गुरखा तिच्या किमतीला महाग वाटते, पण तिला पुढे-मागे दोन्हीकडे लॉक येतात. तो खर्च दिसत नसला तरी खरा आहे.

याची परीक्षा बघायला लडाखपर्यंत जायचीही गरज नाही. जुलैमध्ये वेल्ह्याच्या पुढे केळदकडे जा. भातखाचरांच्या कडेला लाल चिखलात गुळगुळीत हायवे टायरवाली महागडी एसयूव्ही नुसतीच चाकं फिरवत असते आणि शेजारून माणसांनी भरलेली वडापची जीप निघून जाते. जीपचं ओझं मागच्या चाकांवर असतं आणि ताकदही त्याच चाकांना जाते. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीला भार फायद्याचा ठरतो, पुढची चाकं ओढणारीला चढावर तोच त्रासाचा.

दुसरा मुद्दा ग्राउंड क्लिअरन्सचा. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. चार माणसं आणि सामान चढलं की मोनोकॉक गाडीचं अख्खं पोट खाली येतं. सलग दांड्याचा एक्सल असलेल्या गाडीचा सगळ्यात खालचा भाग म्हणजे डिफरन्शियलचा गोळा. तो चाकांबरोबरच असतो, त्यामुळे भार वाढला तरी त्याची उंची जवळपास तीच राहते. म्हणून दोन गाड्यांचे १८० आणि २१० मिलिमीटर हे आकडे नुसते शेजारी ठेवून काही कळत नाही.

आता गाड्या. सगळ्यात आधी जिम्नी, कारण मन तिच्यावरच जातं. लो-रेंज गिअर, दोन्हीकडे सलग एक्सल, २१० मिलिमीटर क्लिअरन्स, मागे ५० अंशांचा डिपार्चर कोन. ऑफ-रोडला ती खरंच भारी आहे. पण गाडीचं वजन सुमारे १,२०० किलो आणि सगळं धरून मर्यादा १,५४५ किलो. म्हणजे ३४० किलोंच्या आसपास उरतात. आम्ही चौघेच २९० किलो! उरलेल्या पन्नास किलोंत तंबू, कॅन, अवजारं आणि महिन्याचं सामान बसवायचं. मागची सीट उभी ठेवली तर डिकी २०८ लिटरची. दोघांसाठी जिम्नी, चौघांसाठी नाही. शिवाय जून २०२३ मध्ये ती आली तेव्हाच एक्स-शोरूम १२.७४ लाखांपासून होती.

टाकीचंही बघा. जिम्नीची टाकी ४० लिटरची. घाटात, भरलेल्या गाडीला लिटरला ११ किलोमीटर धरले तर ४४० किलोमीटर. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही पाटी फोटोंमुळे सगळ्यांनाच माहीत आहे. हिशेब जुळतो, पण वाट चुकायला फारशी जागा उरत नाही.

आणि उंची. पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के असते. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकदही साधारण त्याच प्रमाणात घटते, म्हणजे १०५ हॉर्सपॉवरचे तिथे साठ-पासष्ट उरतात. टर्बो डिझेल हवा दाबून आत घेतं, त्यामुळे त्याचं नुकसान कमी. मात्र टर्बो जागा होईपर्यंत, चढावर गाडी उचलताना, तेही मरगळलेलंच वाटतं.

जुनी जिप्सी आम्ही लगेच सोडली. गाडी अमर आहे, पण १.३ लिटर पेट्रोल आणि चारही बाजूंना पाटे, त्यावर पाच हजार किलोमीटर म्हणजे पाठीचा निकाल. डस्टर एडब्ल्यूडी (२०१४ मध्ये आलेली) माझ्या आवडीची. लो-रेंज नाही, पण पहिला गिअर मुद्दाम खूप आखूड दिलाय आणि खराब रस्त्यावर ती अंग आपटत नाही. अडचण एवढीच, की भारतात डिझेल डस्टर २०२० मध्येच थांबली. मागच्या चाकांना ताकद देणारा कपलिंग गेला तर पदुममध्ये कोण उघडणार? वापरलेली थार बघत असाल तर एक सावधगिरी: जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही विकली जाते. बाहेरून फारसा फरक कळत नाही, आत ट्रान्सफर केसचा दांडा आहे का ते बघा.

शेवटी आमचं ठरलं ते वापरलेली बोलेरो निओ, तीही 'एन१० ओ' हीच. चेसिसवरची गाडी, १०० हॉर्सपॉवरचं टर्बो डिझेल, मागची चाकं ओढणारी, आणि मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल. त्याला बटण नाही. दोन चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की तो आपोआप लॉक होतो. म्हणून अडकल्यावर घाबरून पाय काढायचा नाही, थोडा जास्त द्यायचा. क्लिअरन्स १६० मिलिमीटर, साध्या बोलेरोपेक्षा २० ने कमी, हे मला खुपतं. पण आम्हाला दगडांच्या नाळेतून नाही, चिखलाच्या रस्त्याने जायचंय, आणि चिखलात मला ते २० मिलिमीटर सोडून लॉक परवडतो. टायरचा साइज २१५/७५ आर१५, बोलेरोचाच. जिम्नीचा १९५/८० आर१५ आडगावात शोधून दाखवा.

वापरलेली गाडी घेताना एमपरिवाहनवर नंबर टाकून विमा, फिटनेस आणि कर्जाचा बोजा बघा. ओबीडी रीडर लावून एरर कोडही वाचा. कोड शून्य दिसले म्हणून खूश होऊ नका, रेडिनेस मॉनिटर बघा. ते 'अपूर्ण' असतील तर बहुधा आदल्या दिवशीच कुणीतरी कोड पुसलेत.

वाचलेले पैसे ऑल-टेरेन टायर, बारा व्होल्टचा हवेचा पंप आणि ओढायचा पट्टा यांत घाला. चिखलात हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर जास्त जमीन धरतो, डांबरावर आल्यावर लगेच परत भरायची. बुलबार लावू नका. ते नियमात बसत नाहीत आणि पुढचं वजन वाढतं ते वेगळंच.

निघायच्या आदल्या दिवशी सगळं सामान आणि चौघांना भरून गाडी हायवेवरच्या वजनकाट्यावर घालणार आहोत. आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी. वजाबाकीत मागच्या एक्सलवरचा भार कळतो. एकूण वजन मर्यादेबाहेर गेलं तर पहिली उतरणार माझी कॅम्पिंगची खुर्ची, हे बाकीच्या तिघांनी आधीच ठरवून टाकलंय.