शब्दपूर्तीचा खेळ, स्प्रेडशीटवरील
शब्दपूर्तीचा खेळ, स्प्रेडशीटवरील : वाक्यातील एक वा अधिक शब्द गाळून ते खेळणाऱ्याकडून भरून घेण्याचा भाषिक खेळ. ‘गाळलेल्या जागा भरा’ या प्रश्नप्रकारामुळे तो मराठी शाळांत सुपरिचित आहे. त्याच्या एका प्रकारात उत्तर ठरलेले असते, विल्सन एल्. टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेली ‘क्लोज’ ही वाचनसुलभता मोजण्याची पद्धती याच तत्त्वावर आधारलेली आहे. दुसऱ्या प्रकारात वाक्य न दाखविता नाम, विशेषण इ. शब्द आधी मागवून घेतात आणि ते वाक्यात बसविल्यावर होणाऱ्या विसंगतीतून विनोद साधतो. लेनर्ड स्टर्न व रॉजर प्राइस यांचे मॅड लिब्ज (१९५८) हे पुस्तक या प्रकारचे होय.

स्प्रेडशीट ही मुळात हिशेबाची संगणकप्रणाली. व्हिजिकॅल्क (१९७९) ही वैयक्तिक संगणकावरील तिची पहिली आवृत्ती. तिच्या चौकटींत अंकांप्रमाणे शब्दही ठेवता येतात, म्हणून तिच्यावर हा खेळ रचता येतो. एका पत्रकावर शब्दसूची व दुसऱ्यावर वाक्याचे तुकडे लिहितात. ‘रँडबिटवीन’ या सूत्राने यादृच्छिक क्रमांक मिळतो, ‘इंडेक्स’ त्या क्रमांकाचा शब्द आणते आणि ‘इफ’ उत्तर पडताळते. मात्र प्रत्येक नोंदीबरोबर सूत्रांची फेरगणना होत असल्याने उत्तर लिहिताच प्रश्नच बदलतो. यासाठी मिळालेला क्रमांक केवळ मूल्य म्हणून दुसऱ्या चौकटीत चिकटवून ठेवावा लागतो.

इंग्रजीत एवढ्याने काम भागते. मराठीत खरी अडचण येथून पुढे सुरू होते. उदा., दहिसरच्या मुलांसाठी उपनगरी रेल्वेस्थानकांची सूची करून ‘आई – ला गेली’ हे वाक्य घेतले, तर दहिसरला, बोरिवलीला, मालाडला ही रूपे बिनचूक जुळतात. परंतु वांद्रे, कुर्ला, ठाणे ही नावे येताच ‘वांद्रेला’, ‘कुर्लाला’ अशी अशुद्ध रूपे तयार होतात. अंत्य स्वरचिन्ह काढून त्याजागी ‘्या’ जोडणारे सूत्र लिहिल्यास वांद्र्याला, कुर्ल्याला, ठाण्याला ही रूपे साधतात खरी. पण तेच सूत्र ‘शाळा’ या स्त्रीलिंगी नामाचे ‘शाळ्याला’ करते आणि ‘काका’लाही सोडत नाही. लिंगाचा प्रश्न तर वाक्यभर पसरतो. दहिसर नदीच्या पुलावरून ‘मोठा हत्ती गेला’, पण ‘मोठी म्हैस गेली’ व ‘मोठे वासरू गेले’. म्हणजे एका रिकाम्या जागेसाठी आणखी दोन शब्द बदलावे लागतात. म्हणून प्रत्येक शब्दापुढे लिंग, वचन व सामान्यरूप यांचे स्वतंत्र स्तंभ हाताने भरणे आणि विशेषण व क्रियापद यांची रूपे ‘व्हीलुकअप’ सूत्राने लिंगानुसार निवडणे हाच भरवशाचा मार्ग होय. हे स्तंभ मुलांकडूनच भरून घेतल्यास व्याकरणाचा पाठ वेगळा घ्यावा लागत नाही.

गाळलेल्या अक्षरांइतक्या रेघा दाखवावयाच्या असल्यास ‘लेन’ हे लांबी मोजणारे सूत्र फसवे ठरते. युनिकोड या संकेतप्रणालीत काना, वेलांटी, अनुस्वार व हलन्त चिन्ह ही स्वतंत्रपणे मोजली जात असल्याने चार अक्षरी ‘दहिसर’ची लांबी ५ आणि दोन अक्षरी ‘वांद्रे’ची ७ येते. त्यामुळे अक्षरसंख्येचाही स्तंभ हातानेच भरतात.