शिकार गेली, गाडी उरली

शाहू जयंती परवाच झाली. २६ जून आला की आरक्षण, वसतिगृहं, राधानगरी धरण, कुस्ती अशी सगळी उजळणी होते आणि ती व्हायलाच हवी. मला मात्र यंदा महाराजांचा खडखडा, म्हणजे त्यांची घोड्यांची गाडी, आठवत राहिला. त्याला कारण आमचा कागलचा भाचा. ऐन जयंतीच्या दिवशी मोबाइल पुढं धरून म्हणाला, "मामा, ही एटीव्ही बघा की. डोंगरात फिरायला, शिकारीला, कुठंबी चालती म्हणं. घेऊ काय?"

चित्रात चार फुगीर चाकं, मोटारसायकलसारखं हँडल आणि मागं मारलेलं जनावर बांधायला कॅरिअर. जाहिरात अमेरिकेची, तिथं हरणाच्या शिकारीचा रीतसर हंगाम असतो. पोराच्या मनात काही वावगं नव्हतं, लिहिलेलं त्यानं वाचून दाखवलं एवढंच.

पण शिकार आणि गाडी यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे आणि कायद्यालाही ते ठाऊक होतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करता येत असे. त्यातही एक अट होती: चाकांच्या किंवा यंत्राच्या वाहनातून शिकार करायची नाही. १९९१च्या दुरुस्तीनं परवान्याची शिकारच संपवली आणि हे कलमही गळून पडलं. आता उभ्या पिकात घुसणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा सरकारी परवानगी लागते. म्हणजे भाच्याच्या जाहिरातीतला अर्धा उपयोग इथं आधीच बाद.

ती अट उगाच घातलेली नव्हती. १९४७ साली आपल्याकडच्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी रात्री मोटारीतून फिरताना एकत्र बसलेले तीन चित्ते मारले. आपल्याकडच्या रानटी चित्त्यांची ही शेवटची पक्की नोंद मानतात. १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. मोटारीच्या दिव्यापुढं जनावर थबकतं. त्यात ना माग काढण्याचं कसब, ना दमसास.

कोल्हापूरचा चित्ता याच्या नेमका उलट, तो शिकार करणारा. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर संस्थानानं आफ्रिकेतून आणवले. चित्तेवान त्यांना माणसाळवत. डोळ्यांवर टोपडं चढवून चित्त्याला गाडीवर बसवायचं, काळविटांच्या कळपाजवळ न्यायचं आणि टोपडं काढायचं. देशभर या कामाला बैलगाडी वापरत, आणि त्यामागचं डोकं मला फार आवडतं. काळवीट माणसाला बुजतं, घोडेस्वाराला बुजतं. पण रोज शेताच्या कडेनं जाणाऱ्या बैलगाडीकडं ते मान वर करूनही बघत नाही. त्या काळची सर्वांत भरवशाची शिकारगाडी म्हणजे जनावराच्या डोळ्यांना सरावलेली गाडी.

खडखड्याची गोष्ट निराळी. कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आलेले शाहू महाराज घोड्यांचे दर्दी. नव्या घोड्यांना ओढीची सवय लावायला वापरत तसली ही दणकट चारचाकी, नाव आवाजावरून पडलेलं. दारात मोटार असतानाही महाराज खडखडा स्वतः हाकत. आमच्याकडचे म्हातारे सांगत, की त्यात बसून आलेल्या पाहुण्याला दुसऱ्या दिवशी अंग शेकून घ्यावं लागे. गादीचं सुख नाही, पण मोडलंच काही, तर गावचा सुतार आणि लोहार मिळून दुरुस्त करणार.

भाच्याला मी हेच मोजमाप दिलं: मोडल्यावर दुरुस्त कोण करणार?

यंत्राचं आता थोडक्यात. १९७० साली होंडानं अमेरिकेत तीन चाकांची अशी गाडी आणली. ती इतकी उलटू लागली, की १९८८मध्ये कंपन्यांना तिथल्या सरकारशी करार करून तीनचाकींची विक्री थांबवावी लागली. चार चाकं आली म्हणून उलटणं संपलं नाही. गाडी अरुंद आणि उंच, वजन कित्येकदा तीनशे किलोच्या पुढं. ती अंगावर आली की माणूस खालीच सापडतो. ऑस्ट्रेलियात २०२१पासून नव्या चारचाकी एटीव्हीला उलटल्यावर आधार देणारी चौकट लावणं सक्तीचं झालं. एका सीटच्या गाडीवर मागं मित्र बसवून उसाच्या बांधावर चढलात, की तोल गेलाच.

चिखलाचं म्हणाल, तर चाकांत हवा फार कमी, पाच पीएसआयच्या आसपास. त्यामुळं टायर पसरून जमिनीवर बसतो. दाजीपूरकडच्या जांभ्या दगडावर किंवा वाळूत हे छान चालतं. कागलच्या काळ्या रानात? जुलैत पाणंदीची राड चाकाला अशी लपेटते, की टायरच्या खाचा दिसतही नाहीत. वाफसा आल्याशिवाय रानात जाऊ नये, हे बैलाला कळतं, ट्रॅक्टरवाल्याला कळतं; फोर व्हील ड्राइव्हचं बटण दाबणाऱ्याला तेवढं कळत नाही.

आणि बेल्ट. बहुतेक एटीव्हींना गिअरच्या जागी स्कूटरसारखा रबरी बेल्ट असतो. पाणी शिरलं की तो घसरतो, ओढ जास्त पडली की जळतो. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शाफ्ट, बुश, ब्रॅकेट काहीही संध्याकाळपर्यंत घासून मिळेल, पण हा बेल्ट लेथवर होत नाही. तो कंपनीकडूनच यायचा. लष्कराला हे परवडतं, त्यांच्यामागं सुट्या भागांची फौज असते. २०२५च्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीच्या संचलनात लष्कराची 'चेतक' नावाची एटीव्ही फिरली, तेव्हापासून पोरांचा ओढा वाढलाय, असा माझा संशय.

उरला रस्ता. बहुतेक एटीव्हींची आरटीओत नोंदच होत नाही, त्या फक्त खासगी जागेत चालवायच्या. पोलारिस कंपनीनं एक मॉडेल ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येईल असं काढलं होतं. असं काही मिळालं, तरच शेतातून हायवे ओलांडायचा विचार करावा. अभयारण्यात मात्र कागदपत्रं असली, तरी मनाला येईल तिथं गाडी घालता येत नाही. दाजीपूर हे एके काळी संस्थानचं शिकारीचं रान होतं. १९५८पासून ते गव्यांचं अभयारण्य आहे.

भाच्यानं सगळं ऐकून घेतलं. जरा वेळानं म्हणाला, "म्हणजे बेल्ट दोन घेऊन ठेवायचे?"

"तीन," मी म्हटलं.