व्यंग नसलेली व्यंगचित्रं

'कार्टून'ला मराठीत दोन शब्द आहेत, हास्यचित्र आणि व्यंगचित्र. एकात हसू गृहीत धरलेलं, दुसऱ्यात टोचणी. पण अख्खा देश सुतकात असतो त्या दिवशी वर्तमानपत्राच्या चित्रकाराने काढायचं काय? त्या चित्रासाठी आपल्याकडे शब्दच नाही. बिल मॉल्डिन या अमेरिकन व्यंगचित्रकाराने अशी दोन चित्रं काढली. त्यांतल्या एकात बसलेला माणूस वर्धेकरांच्या चांगल्या ओळखीचा आहे.

खंदकातला चित्रकार

मॉल्डिन १९२१ साली न्यू मेक्सिकोत जन्मला. दुसऱ्या महायुद्धात ४५व्या पायदळ डिव्हिजनबरोबर तो सिसिली आणि इटलीत होता. १९४३ साली इटलीत जखमीही झाला. सैन्याच्या 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' या दैनिकात त्याचे विली आणि जो हे दोन शिपाई झळकायचे. झळकायचे म्हणणंही चुकीचंच. दाढीचे खुंट वाढलेले, अंगावर चिखल, डोळे झोपेविना खोल गेलेले, असे ते दोघे. शत्रूइतकाच त्यांना पावसाचा आणि साहेबांचा वैताग. खंदकातल्या पोरांना त्यांच्यात आपला चेहरा दिसला, आणि जनरल पॅटनला बेशिस्त दिसली. मार्च १९४५ मध्ये पॅटनने या सार्जंटला समोर बोलावून चांगलंच झापलं. शिपायांची दाढी त्यानंतरही वाढलेलीच राहिली. त्याच वर्षी मॉल्डिनला पुलित्झर पारितोषिक मिळालं, तेव्हा तो २३ वर्षांचा होता.

मरण जवळून पाहिल्यामुळेच त्याच्या रेषेत पुढे कधी रडारड आली नाही, असं मला वाटतं.

१९४३, मिदनापूर

मॉल्डिन इटलीत होता त्या १९४३ साली आपल्याकडे युद्धाने बंगाल उपाशी मारला. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तिथला तांदूळ बंद झाला, जपानी येतील या भीतीने सरकारने किनारपट्टीच्या होड्या आणि धान्य हलवलं, भाव भडकले. सुमारे ३० लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. चित्तप्रसाद भट्टाचार्य हा कम्युनिस्ट पक्षाचा तरुण चित्रकार मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडला. पक्षासाठी तो एरवी भित्तिपत्रकं आणि राजकीय व्यंगचित्रं काढायचा. इथे त्याने शाईने हाडं काढली, मुलं काढली, ओस पडलेली घरं काढली. 'हंग्री बेंगॉल' या नावाने ती चित्रं आणि टिपणं पुस्तकरूपात निघाली, तेव्हा इंग्रज सरकारने ५,००० प्रती जप्त करून जाळल्या. घरच्यांनी एक प्रत जपली म्हणून आज ते पुस्तक पाहायला मिळतं.

तो शोक महाराष्ट्रातही पोचला होता. अण्णा भाऊ साठ्यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला. स्वतः चित्तप्रसाद पुढे मुंबईला आला आणि अंधेरीत कित्येक वर्षं राहिला. मुंबईने त्याला मॉल्डिनसारखी कीर्ती दिली नाही. चित्रकार म्हणून मी त्याला उणा मानत नाही.

चेहरा झाकलेला लिंकन

२२ नोव्हेंबर १९६३. मॉल्डिन तेव्हा 'शिकागो सन-टाइम्स'मध्ये होता. राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्याची बातमी आली तेव्हा तो एका जेवणाच्या कार्यक्रमात होता. तिथून उठून तो कामाला बसला आणि तासाभरात चित्र तयार झालं.

वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकात खुर्चीवर ताठ बसलेला संगमरवरी लिंकन आहे. अमेरिकेतल्या शाळकरी पोरालाही तो ठाऊक असतो. मॉल्डिनने तो पुतळा जसाच्या तसा घेतला आणि फक्त पुढे वाकवला. दोन्ही हातांत तोंड लपवलेलं, मागे ओळखीचे केस. खाली एक अक्षर नाही. केनेडींचं चित्रात नावसुद्धा नाही, पण एका मारल्या गेलेल्या राष्ट्राध्यक्षाने दुसऱ्यासाठी रडावं हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पेपरने ते मागच्या पानावर पानभर छापलं, आणि शिकागोतल्या विक्रेत्यांनी अंक उलटे मांडले. मुख्य पानावर बातमी, पण ठेल्यावर वर दिसायचा तो लिंकन. मूळ चित्र जॅकलीन केनेडींना देण्यात आलं.

आपल्या घरातलं माणूस गेलं की ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले आजोबा असेच वाकतात. मॉल्डिनने पुतळ्याला तेवढं माणूसपण दिलं.

सेवाग्रामची बैठक

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये नागरी हक्कांचे नेते मार्टिन ल्यूथर किंगना मारलं. या वेळी मॉल्डिनने परलोकातले गांधीजी काढले. ते बसून किंगशी बोलताहेत. आपण माणूस संपवला असं मारेकऱ्यांना वाटतं, हीच त्यांची गंमत आहे, अशा अर्थाचं काहीतरी सांगताहेत.

चित्र म्हणून मला हे लिंकनपेक्षा डावं वाटतं. लिंकनला शब्द लागले नव्हते, इथे सगळा भार खालच्या ओळीवर आहे. तरीही ते तग धरतं, त्याला कारण गांधीजींचं बसणं. तेजोवलय नाही, सिंहासन नाही. घरी आलेल्याशी बोलावं तसे ते बोलताहेत.

असं बसणं वर्धा जिल्ह्याने दहा वर्षं पाहिलं. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला आले. विदर्भात दुसरं शेगाव असल्याने पत्रांचा गोंधळ व्हायचा, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. माती आणि बांबूच्या झोपडीत, म्हणजे बापूकुटीत, जमिनीवरच्या गादीवर बसून त्यांनी पुढाऱ्यांशी, गावकऱ्यांशी आणि परदेशी पाहुण्यांशी बोलणी केली. मागे भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेनने मातीत उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा आहे. शोक व्हायच्या आधीचं हे चित्र, आणि मला ते वर सांगितलेल्या सगळ्यांइतकंच मोलाचं वाटतं.

ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी सेवाग्रामहून निघाले. फेब्रुवारी १९४८ मध्ये परत यायचं ठरलं होतं, पण त्याआधीच त्यांनाही मारलं. मार्चमध्ये नेहरू, विनोबा, राजेंद्रप्रसाद आणि मौलाना आझाद सेवाग्रामला जमले, पुढे काय करायचं हे ठरवायला. बापूकुटीतली ती गादी तेव्हा रिकामी होती. आजही ती त्याच जागी आहे.