‘किती सुटलीस गं!’ म्हणून वजन उतरत नाही

हळदीकुंकू असो, बारसं असो की लग्नाचा हॉल, वर्षभराने भेटलेल्या नातेवाइकांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा वजनावरच असतं. ‘किती सुटलीस गं!’, ‘पोट बघ केवढं आलंय!’ बोलणाऱ्या मावशी-काकांच्या मनात काळजीच असते. चार माणसांत जरा टोचून बोललं की समोरचा मनावर घेईल, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं.

तसं घडताना दिसत नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०१४ साली पन्नाशीच्या पुढच्या २,९४४ लोकांची चार वर्षांची माहिती तपासली. वजनावरून हेटाळणी किंवा दुय्यम वागणूक सोसावी लागल्याचं ज्यांनी सांगितलं, त्यांचं वजन सरासरी ०.९५ किलोने वाढलं होतं. बाकीच्यांचं ०.७१ किलोने घटलं होतं. टोमण्यांमुळेच वजन वाढलं, असं या पाहणीवरून सिद्ध होत नाही. पण टोमण्यांनी ते उतरतं, या समजाला तिथे काडीचाही आधार मिळाला नाही.

मग काहीजण दुसऱ्या टोकाला जातात. ‘वजनाचा विषय काढूच नये, माणूस दुखावतो.’ अनेक डॉक्टरही याच संकोचापायी गप्प राहतात. इंग्लंडमध्ये १३७ डॉक्टरांच्या साह्याने हा समज तपासून पाहिला गेला आणि २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. दुसऱ्याच कुठल्या तक्रारीसाठी आलेल्या १,८८२ स्थूल रुग्णांशी डॉक्टर तपासणी संपता संपता जेमतेम तीस सेकंद बोलले. निम्म्यांना फक्त एवढंच सांगितलं, की वजन कमी केलंत तर तब्येतीला बरं. उरलेल्यांना बारा आठवड्यांच्या मोफत वर्गाबद्दल सांगितलं आणि ‘जाल का?’ असं विचारलं. हो म्हणणाऱ्याचं नाव तिथल्या तिथे नोंदवून दिलं.

वर्षानंतर पहिल्या गटाचं वजन सरासरी १.०४ किलोने, तर दुसऱ्याचं २.४३ किलोने उतरलं होतं. आणि दुखावले किती? दर पाच रुग्णांतल्या चौघांना ते बोलणं योग्य आणि उपयोगी वाटलं. ते अनुचित आणि निरुपयोगी होतं, असं म्हणणारे सगळे मिळून चारच निघाले. म्हणजे विषय काढण्यात धोका फारसा नसतो. तो कसा काढला आणि पुढची वाट दाखवली का, यावर सगळं अवलंबून असतं. तीस सेकंद दोन्हीकडे सारखीच होती.

‘दोन वाक्यांनी काय होणार, सांगून सांगून थकलो’ हा तिसरा समज. १९७९ साली लंडनमधल्या २८ डॉक्टरांच्या २,१३८ धूम्रपान करणाऱ्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी दोनेक मिनिटं समजावलं, एक पत्रक हाती दिलं आणि ‘पुढे पुन्हा विचारणार आहे’ असं बजावलं. या गटातले ५.१ टक्के लोक वर्षभर सिगारेटपासून दूर राहिले. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण ०.३ टक्के होतं. शंभरांत पाच हा आकडा किरकोळ वाटेल. पण दवाखान्यात रोज येणाऱ्या माणसांची संख्या आणि दोन मिनिटांचा खर्च मांडून पाहिला, तर इतकं स्वस्त औषध क्वचितच सापडेल.

घरातलं बोलणं मात्र बऱ्याचदा वादात अडकतं. ‘कॅन्सर होईल’ म्हटलं की उत्तर तयार असतं: ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विडी ओढायचे.’ एकाने रेटलं की दुसरा आपल्याच सवयीची वकिली करू लागतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांना दारूच्या बाबतीत हेच दिसलं. १९९३ मधल्या त्यांच्या अभ्यासात समुपदेशकाने जितकं धारेवर धरलं, तितकी ती व्यक्ती वर्षभरानंतर जास्त दारू पिताना आढळली. म्हणून मिश्री लावणाऱ्या सासूबाईंना रोज तोच इशारा देण्यापेक्षा ‘आई, सकाळची मिश्री बंद केली तर सगळ्यांत अवघड काय जाईल?’ असं विचारून पाहावं आणि मग खरोखर ऐकून घ्यावं. सोडण्याची कारणं त्यांच्या तोंडून येऊ लागली की बोलणं पुढे सरकतं.

फोनवरच्या संदेशांनाही हेच लागू पडतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षं एसएमएस पाठवले. त्या माणसाची तयारी किती आहे हे पाहून मजकूर आणि त्याच्या सोयीने पाठवण्याची वेळ ठरायची. संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांना मधुमेह झाला. कुटुंबाच्या ग्रुपवर सरसकट ढकललेल्या आरोग्य-टिप्स आणि हे संदेश यांत मोठं अंतर आहे. इथे प्रत्येक संदेश त्या माणसाची तयारी पाहून ठरवलेला होता.

तरीही गप्पांवर सगळा भार टाकणं चुकीचं ठरेल. लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीयांच्या ५२ केशकर्तनालयांत ३१९ पुरुषांवर एक प्रयोग झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा रक्तदाब वाढलेला होता. काही दुकानांत न्हावी गिऱ्हाइकांना राहणी सुधारायला आणि डॉक्टरांकडे जायला सांगत. तिथे सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी ९.३ ने उतरला. इतर दुकानांत न्हाव्याच्या आग्रहाच्या जोडीला औषधतज्ज्ञ खुर्चीपाशीच येऊन गोळ्या सुरू करून देत. तिथे तो २७ ने उतरला. ओळखीच्या माणसाच्या शब्दाने दार उघडलं खरं, पण आत उपचार हजर होता.

महाराष्ट्रात अशा बोलण्याची सर्वांत मोठी गरज तंबाखूच्या बाबतीत आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि त्यांतले बहुतेक ती ओढत नव्हते, खात किंवा लावत होते. देशभरात दवाखान्यात गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्यांनासुद्धा ‘सोडा’ असा सल्ला मिळाला नव्हता. तंबाखू खाणाऱ्यांत तर सल्ला मिळालेल्यांचं प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच होतं. मदत मात्र फोनवर आहे. १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा तंबाखूमुक्तीचा मोफत क्रमांक आहे. चहाच्या टपरीवर मित्राने ‘सोडायचीय यार’ असं म्हटलं, तर ‘आत्ताच लावून देऊ का?’ एवढं विचारायला अर्धं मिनिटही लागत नाही.