इंजिन बसले! गाडी करावी की विकावी?

तळोद्याहून धडगावला निघाले की वाटेत चांदसैलीचा घाट लागतो. जुनी गाडी, आत घरची सहा माणसे, रेडिएटरात पाणी कमी आणि काटा लाल खुणेवर. "वर पोहोचू, मग बघू," म्हणत गाडी रेटली जाते आणि इंजिन बसते. कर्ज काढून घेतलेली गाडी दोर लावून खाली आणावी लागते. मग घरात वाद सुरू होतो : दुरुस्त करावी की विकून टाकावी?

वाचकहो, आधी दुखणे ओळखा. ऑइलच्या कांडीवर दुधाळ फेस दिसला तर पाणी ऑइलमध्ये शिरले आहे. बहुधा हेड गॅस्केट गेलेले असते. हेड वाकले नसेल तर हे काम आटोक्यातले. निळा धूर निघत असेल तर रिंगा व बोअर झिजल्याची शंका घ्यावी, खर्च वाढतो. रॉड तुटून ब्लॉक फुटला, तर मात्र दुसरे इंजिनच बघावे लागते. म्हणून "इंजिन गेलं" एवढ्यावर होकार देऊ नका. हेड उघडून बघा. सुटे भाग, लेथचे काम, मजुरी असे वेगवेगळे लिहून घ्या.

मग तीन आकडे मांडा. समजा, बंद गाडीला २५ हजार मिळतात, चालू गाडीला ७० हजार. दुरुस्ती ३५ हजारांत होत असेल तर करावी. ५५ हजार लागत असतील तर विकावी. गाडीवर पोट असेल तर बुडणारी रोजची कमाईही धरा. मात्र "मागच्या वर्षी वीस हजार घातले" हे हिशेबात आणू नका. ते पैसे गेले. खासगी गाडीला १५ वर्षे होत आली असतील, तर नोंदणी नूतनीकरणाचा खर्चही धरा.

विकलीच, तर नुसत्या कागदावर सही घेऊन मोकळे होऊ नका. फॉर्म २९ व ३० भरून १४ दिवसांच्या आत आर.टी.ओ.ला कळवा. गाडी हातोहात विकली गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. भंगारात दिलेली गाडीही कुणी पुन्हा रस्त्यावर आणू शकतो.

आणि हा हिशेब एकट्याने करू नका. हप्ते फेडताना जिने पदरमोड केली, त्या घरच्या बाईलाही सोबत बसवा. मुलांच्या फीचे पैसे इंजिनात घालायचे की नाहीत, हे तिला विचारूनच ठरवा.