गुण, क्रम आणि शुल्क

बारावीचा निकाल जाहीर झाला की महाराष्ट्रात ज्या घरी विज्ञान शाखेचा विद्यार्थी आहे त्या घरी परीक्षा मंडळाची गुणपत्रिका आणि सीईटीचे स्कोअरकार्ड असे दोन कागद एकाच फाइलीत येऊन बसतात. त्यांच्या जोडीला तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला येतो. या तिन्हींपैकी कोणत्या कागदाने नेमके काय साधते याविषयी चांगल्या शिकल्यासवरल्या पालकांच्या मनातही इतका गोंधळ असतो, की मुलाने मिळविलेल्या गुणांचा अभिमान बाळगण्यातच सारा जून महिना निघून जातो आणि अर्जाची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही.

पहिल्या कागदाचे महत्त्व अभियांत्रिकीपुरते बोलायचे तर आज फार मर्यादित आहे. भौतिकशास्त्र, गणित आणि विहित यादीतील तिसरा एक विषय मिळून खुल्या प्रवर्गाच्या विद्यार्थ्याला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाच्या विद्यार्थ्याला ४० टक्के गुण असले, की मंडळाच्या गुणपत्रिकेचे मुख्य कार्य संपते. त्यापुढे ४६ टक्केवाला आणि ९६ टक्केवाला गुणवत्ता यादीच्या लेखी जवळपास एकाच पंक्तीला बसतात. हे सर्वत्र आणि सर्वकाळ असेच होते असे नाही. २०१३ ते २०१६ या वर्षांत जेईई मेनची अखिल भारतीय क्रमवारी ठरविताना बारावीच्या गुणांना ४० टक्के भार दिला जात असे. परंतु निरनिराळ्या राज्यांची मंडळे गुण देण्यात सारखी उदार नसल्यामुळे ते गुण एका मापात आणण्याचा खटाटोप करावा लागे, आणि २०१७ पासून तो भार काढून टाकण्यात आला. आयआयटीसाठी आता बारावीला ७५ टक्के असावेत किंवा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये विद्यार्थ्याचे स्थान असावे, एवढी अट तेवढी शिल्लक आहे.

दुसरा कागद अधिक समजून घेण्याजोगा आहे. सीईटीची गणित गटाची परीक्षा २०० गुणांची असते. गणिताच्या प्रत्येक प्रश्नास दोन, भौतिक आणि रसायनशास्त्राच्या प्रश्नास एक गुण, आणि चुकलेल्या उत्तरासाठी वजावट नाही. परीक्षार्थींची संख्या प्रचंड असल्यामुळे ती अनेक दिवस, निरनिराळ्या सत्रांत आणि निरनिराळ्या प्रश्नपत्रिकांवर घेतली जाते, आणि एका सत्राची प्रश्नपत्रिका दुसऱ्याहून कठीण निघाली तर कोणावर अन्याय होऊ नये म्हणून मूळ गुणांऐवजी पर्सेंटाइल काढतात. एखाद्या सत्रास २०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांतील १९,००० जणांचे गुण आपल्या चिरंजीवांइतके किंवा त्यांहून कमी असले, तर चिरंजीवांचे पर्सेंटाइल ९५. त्यांना २०० पैकी १९० गुण मिळाले, असा त्याचा अर्थ बिलकूल होत नाही. प्रत्येक सत्रात जो पहिला येतो त्याचे पर्सेंटाइल १००, मग त्याचे मूळ गुण कितीही असोत. दोघांचे पर्सेंटाइल जुळू नये म्हणून हा आकडा दशांशाच्या सात स्थळांपर्यंत नेतात. तरीही जुळलाच तर आधी विषयवार पर्सेंटाइल पाहतात आणि त्यानेही भागले नाही तर बारावीची गुणपत्रिका पुन्हा बाहेर निघते.

‘कटऑफ’ या प्रकाराविषयीचा गैरसमज असाच चिवट आहे. कॉलेजने घातलेली ती अट नव्हे. मागील वर्षी त्या जागेवर सर्वांत शेवटी ज्याची वर्णी लागली त्याचे ते पर्सेंटाइल असते, आणि यंदा ते वर सरकेल की खाली येईल हे इतर हजारो विद्यार्थी आपल्या पसंतीक्रमात काय भरतात त्यावर अवलंबून राहते.

आता पैशाचा विचार. चांगले गुण मिळाले म्हणजे शिष्यवृत्ती मिळते ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिला इतिहासाचा आधारही आहे. पेशवाईत श्रावणमासात पुण्यास विद्वानांची परीक्षा होऊन दक्षिणा वाटली जाई, परंतु तो मान ब्राह्मणांपुरताच असे. इंग्रजी अमलात त्याच निधीतून दक्षिणा फेलोशिप निघाली आणि न्यायमूर्ती रानडे यांना ती लाभली. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला १९१२ साली पहिले आलेले चिंतामणराव देशमुख यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली, ही तर गुणवंतांच्या घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट. परंतु पाचच वर्षांपूर्वी, १९०७ साली, याच मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण मिळवून उत्तीर्ण झालेल्या एका विद्यार्थ्याला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी पुढे दरमहा २५ रुपये दिले, आणि १९१३ साली त्यालाच अमेरिकेस धाडले. केवळ गुणपत्रिकेचा दंडक लावला असता तर भीमराव आंबेडकर हे नाव त्या यादीत आले नसते; कृष्णाजी अर्जुन केळुसकरांसारख्या शिक्षकाने त्यांची महाराजांशी गाठ घालून दिली, म्हणून ते आले.

आजच्या योजनांतही निव्वळ गुणांवर पैसा देणाऱ्या थोड्याच आहेत. बारावीला आपल्या मंडळात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाची पदवी घेऊ पाहणाऱ्याला केंद्राच्या ‘इन्स्पायर’ योजनेत वर्षाला ८०,००० रुपये मिळू शकतात, आणि इंजिनिअरिंगचा हट्ट नसलेल्या हुशार मुलामुलींनी तिचा विचार अवश्य करावा असे प्रस्तुत लेखकास वाटते. व्यावसायिक शिक्षणाची मोठी सवलत मात्र उत्पन्नावर चालते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्याला निम्मे शिक्षण शुल्क माफ होते, आणि जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना त्याच उत्पन्नमर्यादेत शिक्षण व परीक्षा शुल्क संपूर्ण माफ झाले. येथे कोणी किती गुण म्हणून विचारीत नाही.

विचारीत नाही, तरी गुण मागच्या दाराने येतातच, कारण या सवलतीसाठी प्रवेश ‘कॅप’ फेरीतून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, झालेला असावा लागतो. पर्सेंटाइल थोडे कमी पडले म्हणून नामांकित कॉलेजच्या व्यवस्थापन कोट्यात जागा घ्यायची आणि ‘स्कॉलरशिपचे पुढे बघू’ म्हणायचे, हा बेत अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांना चारही वर्षे पूर्ण शुल्क भरावयास लावतो. किंचित कमी नावाच्या कॉलेजात कॅपमधून मिळणारी जागा त्यांना अधिक परवडली असती, हे स्पष्ट बोललेले बरे.

गुणांचा आणि पैशाचा थेट विनिमय एका ठिकाणी मात्र उघड दिसतो. शिक्षण शुल्क माफी योजनेत, जिला विद्यार्थी टीएफडब्ल्यूएस म्हणून ओळखतात, प्रत्येक शाखेत मंजूर संख्येच्या पाच टक्के, म्हणजे साठांच्या वर्गाला तीन, अधिक जागा ठेवलेल्या असतात. उत्पन्नाची मर्यादा येथेही ८ लाखांचीच, परंतु निवड गुणानुक्रमे, त्यामुळे त्याच वर्गाच्या खुल्या जागेपेक्षा या तीन जागांचा कटऑफ बहुधा वरचा राहतो, आणि ती जागा घेतलेल्याला पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. परिणामी एकाच बाकावर बसून एकच व्याख्यान ऐकणाऱ्या चौघांपैकी एकजण शिक्षण शुल्क देत नाही कारण त्याचे पर्सेंटाइल वरचे होते, एकजण निम्मे देतो कारण तो कॅपमधून आला, एकजण देत नाही कारण ती मुलगी असून नव्या निर्णयाच्या प्रवर्गांत बसते, आणि चौथा पूर्ण देतो. त्याच्या वडिलांचे उत्पन्न कदाचित पहिल्याच्या वडिलांइतकेच असेल.