यादीतून गळलेले नाव



जुलै महिना लागला की माझ्या दवाखान्याच्या टेबलावर निमंत्रणपत्रिका साचू लागतात. रोटरी आणि लायन्स या दोन्ही सेवासंस्थांचे वर्ष १ जुलैला सुरू होते. त्यामुळे गावोगावच्या क्लबांचे पदग्रहण समारंभ याच सुमारास होतात. नवे अध्यक्ष, नवे सचिव, गतवर्षीच्या शिबिरांचा अहवाल, पुरस्कार, नव्या सभासदांच्या कोटाला लावायची पिन, असा तो सोहळा असतो. पत्रिकेसोबत कधी सभासदांची छापील पुस्तिकाही येते. मी ती डॉक्टरच्या नजरेने चाळतो. नवी नावे कोणती आली याहून जुनी कोणती गळली, याकडे माझे लक्ष अधिक असते.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका पुस्तिकेत माझ्या एका रुग्णाचे नाव दिसले नाही. वय ७६, सभासदत्व ३१ वर्षांचे. एकदा अध्यक्षपद भूषविलेले आणि रक्तदान शिबिराच्या दिवशी पहाटेच मंडपात हजर होणारे हे गृहस्थ. काही महिन्यांपूर्वी ते मला म्हणाले होते, ‘‘डॉक्टर, आता क्लबचा कंटाळा येतो.’’ मी रक्तदाब मोजला, साखरेचा अहवाल पाहिला, गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. ‘कंटाळा’ हा शब्द मी तसाच जाऊ दिला. ती माझी चूक होती. तीस वर्षे ज्या कामात माणूस रमला, त्याचा कंटाळा त्याला एका हंगामात येत नाही.

पुढच्या भेटीत मी विचारले. त्या दिवशी त्यांनी टाळले. तिसऱ्या खेपेस, सूनबाई औषधे आणायला बाहेर गेल्या असताना, ते हळूच म्हणाले, ‘‘सभेत सगळे हसतात, मग मी हसतो. कशाला हसले ते घरी येऊनही कळत नाही.’’

त्यांना ऐकू येत नव्हते. वयपरत्वे येणाऱ्या बहिरेपणात प्रथम उंच पट्टीचे सूक्ष्म ध्वनी जातात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने पुसट होतात. आवाज येतो, शब्द उलगडत नाहीत. घरात समोरासमोर बोलताना हे निभावून जाते. परंतु सभागृहातील पंखे, ध्वनिक्षेपकाचा घुमारा आणि ताटांचा खणखणाट यांत माणूस एकाकी पडतो. आपल्या वडिलांना ‘घरी तर नीट ऐकू येते’ असे आपण म्हणत असाल, तर ही गोष्ट ध्यानात असू द्या. प्रथम कानांत मळ साठला आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. पुष्कळदा तेवढ्यानेही फरक पडतो. नंतर श्रवणचाचणी आणि गरज असल्यास श्रवणयंत्र. २०२० साली ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ-आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या ज्या धोक्यांवर उपाय करता येतो, त्यांत ऐकू कमी येणे आणि समाजापासून तुटणे या दोहोंचीही गणना केली आहे. सभासदत्व सुटते तेव्हा बहुधा हे दोन्ही एकत्र वाट्याला येतात.

तेव्हापासून मी वृद्ध रुग्णांना मुद्दाम विचारतो, ‘‘कुठे जायचे बंद केलेत? का?’’ उत्तरे बहुधा वैद्यकीयच निघतात, फक्त ती वैद्यकीय भाषेत येत नाहीत. ‘सभा लांबतात’ याचा अर्थ एका गृहस्थांच्या बाबतीत असा होता की, लघवीसाठी दोनदा उठून रांगेतून वाट काढण्याची त्यांना लाज वाटे. रक्तदाबासाठी दिलेली, लघवी वाढविणारी गोळी ते संध्याकाळी घेत होते. ती सकाळी घ्यायला सांगितली आणि प्रोस्टेटची तपासणी केली. अशी वेळ मात्र स्वतःच्या मनाने बदलू नये, डॉक्टरांना विचारावे. ‘जेवण फार उशिरा देतात’ हे दुसऱ्या एका बाईंचे कारण. मधुमेहाची गोळी आठला, जेवण साडेनऊला. अंगाला घाम आणि हातांना कंप. रक्तातील साखर उतरल्याची ती लक्षणे होती. तिसऱ्या एका सभासदाचे म्हणणे ‘रात्रीचे जमत नाही’ एवढेच. समोरच्या गाडीच्या दिव्यांनी त्यांचे डोळे दिपत होते. मोतीबिंदू तयार झाला होता.

या शेवटच्या प्रसंगाने मी अंतर्मुख झालो. १९२५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात लायन्सच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधत्वाविरुद्ध काम करण्याचे आवाहन केले. तेव्हापासून दृष्टी हे त्या संस्थेचे मुख्य कार्य झाले. आपल्याकडची असंख्य नेत्रशिबिरे त्याच परंपरेतली. आणि हे लायन सभासद, ज्यांनी शिबिरांत शेकडो लोकांना रांगेत उभे केले, ते स्वतः त्या रांगेत कधी उभे राहिले नव्हते. सेवा करणारा माणूस आपण रुग्ण आहोत हे सहजासहजी मानत नाही. (डॉक्टरही मानत नाहीत, माझे स्वतःचे कोलेस्टेरॉल मी तीन वर्षे तपासले नव्हते.)

स्त्रियांची कथा थोडी निराळी आहे. अनेक वर्षे या संस्थांची दारे स्त्रियांना बंद होती. लायन्सने १९८७ साली ती उघडली. रोटरीने त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पाऊल उचलले आणि १९८९ साली जगभरासाठी नियम बदलला. त्यामुळे आज सत्तरीपुढच्या अनेक बायका पतीबरोबर ‘अ‍ॅन’ म्हणूनच क्लबात गेलेल्या असतात. पतीच्या निधनानंतर निमंत्रणपत्रिका येणे थांबते. दिवसकार्याला सारा क्लब येतो, पण पुढच्या पदग्रहणाला त्यांना बोलवावे हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. आपल्या आईच्या बाबतीत असे झाले असल्यास तिला स्वतःच्या नावाने सभासद होता येते, हे तिला सांगा. तिने नाही म्हटले तरी हरकत नाही. विचारले गेल्याचेही समाधान असते.

आता नियमांविषयी, कारण राजीनामा देण्यापूर्वी ते फारसे कोणी वाचत नाही. रोटरीत हजेरीतून सूट मिळण्याची तरतूद आहे: सभासदाचे वय आणि सभासदत्वाची वर्षे यांची बेरीज किमान ८५ आणि सभासदत्व किमान २० वर्षांचे असेल, तर सचिवांना लेखी कळवून मंडळाच्या संमतीने ही सूट घेता येते. माझ्या रुग्णाची बेरीज १०७ होती! त्यांना राजीनाम्याची गरजच नव्हती. लायन्समध्ये १५ वर्षे सभासद राहिलेल्या आणि आजार किंवा वार्धक्यामुळे सक्रिय राहू न शकणाऱ्यांसाठी निराळा सभासदवर्ग आहे. वर्गणीचा भार वाटत असल्यास तेही मोकळेपणी बोलावे. आपल्या क्लबात सध्या काय चालते, हे सचिवांना विचारून घ्यावे. ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, वाचनालयाची समिती यांनाही नियमांत नसली तरी माणुसकीने अशी सवलत देता येते.

पुरस्कारांविषयी माझे मत जरा तिखट आहे. वयोवृद्ध सभासदाचा सत्कार शाल-श्रीफळ देऊन करतात, भाषणात त्याचे सारे कार्य भूतकाळात मांडतात आणि तो रात्री दहाला संपणाऱ्या समारंभात ठेवतात. माझे रुग्ण एकदा म्हणाले होते, ‘‘सत्कार झाला, म्हणजे आता बोलावणार नाहीत.’’ क्लबच्या पदाधिकाऱ्यांनी हा लेख वाचला, तर एवढेच सुचवितो: सन्मानचिन्हाबरोबर पुढच्या महिन्याचे एखादे काम द्या, बसून होईल असे, दिवसा होईल असे.

त्यांच्याबाबतीत तसे काम सापडले, तेही योगायोगाने. क्लबच्या नेत्रशिबिरात मोतीबिंदू आढळलेल्यांपैकी काही जण शस्त्रक्रियेला येतच नाहीत. कोणाला सोबत नसते, कोणाला भीती वाटते, कोणाची सुगी चालू असते. या लोकांना दूरध्वनी करून कारण विचारणारे कोणी नव्हते. श्रवणयंत्र बसविल्यावर ते काम माझ्या रुग्णांनी मागून घेतले. पहिले काही आठवडे यंत्राबद्दल तक्रारीच होत्या. शिटी वाजते, ताटाचा आवाज कानात घुसतो, काढून ठेवावेसे वाटते. तंत्रज्ञाकडे तीनदा जाऊन ते जुळवून घ्यावे लागले. आपल्या घरी यंत्र पडून असेल, तर ते ‘चालत नाही’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी एवढे तरी करून पाहा.

सायंकाळच्या सभांना ते आजही जात नाहीत. रविवारी सकाळी शिबिराला जातात आणि मंगळवारी दुपारी वही घेऊन फोनपाशी बसतात. गेल्या महिन्यात रक्तदाब तपासायला आले, तेव्हा ती वही त्यांच्याजवळ होती. एका आजीबाईंनी चौथ्या फोनला होकार दिला होता, पण मुलगा सोबत येणार नव्हता. ‘‘मी जाऊ का त्यांच्याबरोबर?’’ त्यांनी मला विचारले. मी म्हटले, रक्तदाब ठीक आहे, जा.